फुटक्या कानाचा अभिप्राय

'गंज' या बँडचा नवा अल्बम आला त्या आठवड्यात चाहत्यांच्या पानावर त्याविषयी एकूण अकरा अभिप्राय जमले. तिघांना टी-शर्ट कधी येणार ते हवे होते. एकाला ड्रमरचे लग्न झाले आहे का ते हवे होते. एकाने आपल्या वॉशिंग मशीनची तक्रार चुकून तिथेच नोंदवली होती, आणि तीत आवाजाचे वर्णन इतके बारकाईने केले होते की दुसऱ्या वाचनापर्यंत ती अल्बमविषयीच वाटत होती. उरलेल्या सहांनी नुसता अंगठा दाखवला होता. हा अंगठा स्तुतीचा असतो म्हणतात. पण अंगठा दाखवणे आपल्यात कशाला म्हणतात हे थोरल्याला ठाऊक होते.

थोरला म्हणजे गायकाचा थोरला भाऊ. धंद्याने कवळ्या करणारा. दातांचे डॉक्टर तोंडांचे साचे पाठवत. हा त्यांवर मेण चढवी, मेणात दात रोवी, मग मेणाच्या जागी हिरड्यांच्या रंगाचे प्लास्टिक भरून तयार हसू डब्यात घालून परत पाठवी. वय बावन्न. हार्ड रॉक या प्रकाराविषयी त्याचे मत एवढेच होते की शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवावे.

धाकट्याला सगळे भोंगा म्हणत. हे नाव बँडने दिलेले नव्हते. तो रांगत असतानाच तीन घरांपलीकडच्या बाईंनी वैतागून दिले होते. भोंग्याने बाटली सोडली त्याला चौदा महिने झाले होते. सोडताना डॉक्टरांच्या सांगण्यावरून त्याने जुने मित्र सोडले, घरी यायचा जुना रस्ता सोडला आणि फोनही सोडला. कारण फोन उघडला की तीन मिनिटांच्या आत कुणीतरी 'बसायचं का?' विचारत असे. आता तो थोरल्याच्या कारखान्यामागच्या खोलीत राहत होता, आणि चौदा महिन्यांत त्याने एकच काम केले होते. हा अल्बम.

अल्बमचे नाव 'बसतोस का?'. गाणी अकरा, कथा एक. एक माणूस संध्याकाळी कामावरून घरी निघतो. इस्त्रीचा शर्ट घातलेला एक सभ्य गृहस्थ त्याला वाटेत पुन्हा पुन्हा गाठतो आणि नम्रपणे तेवढेच विचारतो. कधी जुन्या मित्राच्या आवाजात, कधी साहेबाच्या, कधी वारलेल्या वडिलांच्या. जबरदस्ती नाही, आग्रह नाही. आठव्या गाण्याचे नाव 'नको'. साडेसहा मिनिटांत एवढा एकच शब्द आहे आणि तो बेचाळीस वेळा येतो. अकराव्या गाण्यात माणूस दारात पोचतो, खिशात किल्ली चाचपतो, आणि तिथेच गिटार थांबते.

रोज संध्याकाळी जेवायला बसले की भोंगा विचारी, "दादा, काय म्हणतायत लोक?"

तो सूर थोरल्याच्या ओळखीचा होता. पहिल्यांदा कवळी बसवून आरशासमोर उभा राहिलेला म्हातारा याच सुरात विचारतो, 'बरी दिसते ना?' तिथे खरे उत्तर देण्याची पद्धत नाही.

पहिल्या दिवशी थोरला म्हणाला, "फोनला रेंज नाहीये." दुसऱ्या दिवशीही रेंज नव्हती. तिसऱ्या दिवशी भोंगा जेवायला आलाच नाही. मागच्या खोलीत येरझाऱ्या घालत राहिला. सात पावले, वळण, सात पावले. बाटली सोडल्यावर पहिले तीन आठवडे तो अशाच घालत होता, आणि त्या थोरल्याला पाठ झाल्या होत्या.

चौथ्या दिवशी दुपारी, एका साच्याचे प्लास्टर घट्ट व्हायची वाट बघत असताना, थोरल्याने पानावर 'तिसरी रांग' या नावाने खाते उघडले आणि आयुष्यातला पहिला संगीतविषयक मजकूर लिहिला. "मी यांना सुरुवातीपासून ऐकतो. हा सर्वांत उत्तम. गिटार विशेष वाजली आहे."

त्या संध्याकाळी भोंग्याने दोनदा वाढून घेतले.

मग काय, एकट्या माणसाला रांग म्हणत नाहीत. दुसऱ्या आठवड्याअखेर पानावर थोरल्याचे पाच जण नांदत होते. 'निवृत्त मास्तर' प्रत्येक अभिप्रायाखाली 'कळावे' लिहीत. 'लोखंडी चप्पल' शब्दांपेक्षा उद्गारचिन्हे जास्त वापरी. 'अर्धा सूर' स्वतः गायक होता होता राहिलेला होता. आणि 'रात्रपाळी' नावाची एक नर्स होती. ती काम संपवून घरी जाताना बसमध्ये नववे गाणे ऐकायची आणि खिडकीकडे तोंड करून रडायची.

"ही रात्रपाळी," भोंगा एकदा पाण्याचा पेला फिरवत म्हणाला, "हिच्याबद्दल काही कळतं का? म्हणजे वय वगैरे?"

"नर्स आहे," थोरला ताटाकडे बघत म्हणाला.

"ते कळलं रे. लग्न-बिग्न?"

"भाऊजी," थोरल्याची बायको म्हणाली, "एक व्यसन सोडलंत ना, तेवढं आधी नीट सोडा."

भोंगा कारखान्यातून मागे गेल्यावर ती भांडी गोळा करता करता नवऱ्याला म्हणाली, "अहो, त्या रात्रपाळीला 'विशेष' हा शब्द भारी आवडतो. मास्तरांनाही आवडतो. आपल्या घरातही एकाला आवडतो."

थोरल्याने आपले ताट उचलून तिच्या हातात दिले.

"माझं काही म्हणणं नाही," ती म्हणाली. "फक्त हे दात चावायला लागले की मला सांगा."

तिसऱ्या आठवड्यात भोंगा जेवता जेवता थांबला. "दादा, कुणालाच काही खटकलं नाही? एकालाही नाही?"

ही शंका थोरल्याच्या धंद्यातली होती. गिऱ्हाईक म्हणते, दात मोत्यासारखे एकसारखे द्या. तसे दिले तर भेटणारा प्रत्येक जण आधी दातच बघतो. म्हणून जाणता कारागीर पुढच्या सहांतला एक दात केसभर फिरवून बसवतो, एकाला चहाच्या डागासारखी पिवळट छटा देतो. त्या एका वाकड्या दाताच्या साक्षीवर बाकीचे सत्तावीस खरे ठरतात. तीस वर्षांत ही युक्ती थोरल्याला एकदाही दगा देऊन गेली नव्हती.

मंगळवारी दुपारी त्याने 'फुटका कान' जन्माला घातला. "'नको' ऐकले," फुटक्या कानाने लिहिले. "आवाज स्वच्छ आहे. फार स्वच्छ. इतक्या स्वच्छ आवाजात नको म्हणणाऱ्याला कुणी कधी काही देऊच केलेले नसते. घसा कोरडा, म्हणून गाणे कोरडे. जुना भोंगा हे गाताना पडला असता. हा उभा आहे."

स्तुती लिहिताना त्याला शब्दाशब्दाला ठेच लागत होती. निंदा मात्र उताराला लागल्यासारखी गेली. शेवटचे वाक्य त्याने पुन्हा वाचले. झकास जमले होते. ते काढून टाकावे असे मनात आलेही, पण चांगल्या बसलेल्या दाताला पुन्हा हात लावू नये म्हणतात.

संध्याकाळी त्याने तो अभिप्राय मास्तर आणि चप्पल यांच्या मधे घालून, सहज, वाचून दाखवला.

भोंग्याचा घास हातातच राहिला. "परत वाच."

थोरल्याने परत वाचला.

"हा माणूस ऐकतो," भोंगा म्हणाला.

"अरे, एक जण आहे. बाकीचे पाच बघ की, मास्तर काय म्हणतायत..."

"बाकीचे भाबडे आहेत रे दादा. आवडतो म्हणून बोलतात. हा एकटा कान लावून ऐकतो."

"फुटका आहे तो कान," बायको म्हणाली. पण भोंगा उठला होता. थोड्या वेळाने मागून आवाज यायला लागला. सात पावले, वळण, सात पावले.

आता इतके दिवस हे खरे चाहते कुठे दडले होते कोण जाणे. स्तुतीच्या वेळी ज्यांना एक अंगठा जड झाला होता, ते निंदेचा वास लागताच दोन्ही हातांनी लिहायला लागले. शुक्रवारपर्यंत फुटक्या कानाशी सहमत असणारे तीनशे बारा झाले. 'शेवटी कुणीतरी बोललं.' 'तिसरा अल्बम आठवा, त्यात तो माईकवर कोसळलेला ऐकू येतो, काय खरेपणा!' एक जण म्हणाला की मोहावरचा अल्बम काढणाऱ्याने निदान मोहात तरी असावे. दुसऱ्याने सभ्यपणे खुलासा केला की भोंग्याने मरावे अशी कुणाचीच इच्छा नाही. फक्त मरणाच्या जवळपास जाऊन, रेकॉर्डिंग करून, परत यावे. याला एकशे चाळीस जणांनी मान डोलावली. 'कोरडा घसा' ही भोंग्याची नवी पदवी झाली.

हे मिटवायचे तर फुटक्या कानाचा अभिप्राय काढून टाकणे एवढेच करायचे होते. थोरल्याने तसे ठरवलेही. बुधवारी सकाळी ठरवले, बुधवारी दुपारी ठरवले. पण काढायला म्हणून पान उघडले की आधी आकडा दिसे, आणि आकडा वाढलेला असे. मास्तरांना आजवर दोन जण सहमत झाले होते, त्यांतली एक रात्रपाळी. आणि इथे शेकडो माणसे त्याच्या एका वाक्यावर डोके टेकवून बसली होती. आता एकदाच बघू, मग काढू, असे करत त्याने बुधवारी चार वेळा पाहिले आणि गुरुवारी मोजायचे सोडून दिले. एका कवळीचे सुळे त्याने उलट्या बाजूंना बसवले. तीस वर्षांत पहिल्यांदा.

त्यात गिटारवाला कारखान्यात आला. हा दिवसा विमा विकायचा आणि संध्याकाळी केस मोकळे सोडायचा. "दादा, शनिवारचा हॉल फुल्ल! भांडण लागलं म्हणून फुल्ल! हा फुटका कान कोण आहे ते कळलं तर पाया पडेन मी त्याच्या."

थोरल्याने पाय स्टुलाखाली ओढून घेतले.

भोंगा आता 'काय म्हणतायत लोक' असे विचारतच नव्हता. "फुटका कान काही बोलला?" एवढेच विचारी, नाही म्हटले की मान हलवून उठे.

शनिवारी सहाचा कार्यक्रम होता, अख्खा अल्बम ओळीने वाजवायचा होता. चार वाजता गिटारवाल्याचा फोन आला. "दादा, भोंगा मेकअपच्या खोलीत बसलाय. दार आतून लावून घेतलंय. आवाज तपासायला येत नाही."

थोरल्याने हॉलवर जाऊन दारावर टकटक केली. "मी आहे."

कडी निघाली. आत एक आरसा, त्याच्याभोवती दिवे, त्यांतले दोन गेलेले, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, आणि टेबलाच्या बरोबर मध्ये एक बाटली. भोंगा तिच्यासमोर शाळेतल्या मुलासारखा ताठ बसला.

"ही कुणी आणली?"

"मीच. झाकण बघ, बंद आहे. दुकानदारानं ओळखलं. म्हणाला, बऱ्याच दिवसांनी."

"भोंग्या..."

"ऐक ना. आठव्याच्या आधी एक मिनिट आत येणार. एकच घोट. तोंडात धरणार आणि थुंकणार बहुतेक. मग जाऊन 'नको' म्हणणार." तो घाईघाईने बोलत होता, हिशेब पाठ केल्यासारखा. "तो बरोबर बोलला, दादा. मी ते स्टुडिओत गायलो. काचेपलीकडे कॉफी पिणारा एक इंजिनियर. मला कुणी काही देऊच केलं नव्हतं."

त्या सगळ्यातला 'बहुतेक' तेवढा थोरल्याने ऐकला.

"तो कुणी नाहीये," तो म्हणाला. "फुटका कान मीच आहे."

भोंग्याने त्याच्याकडे पाहिले आणि हसला. प्रेमाने हसला, तेच वाईट होते. "तू? तुला ड्रम कुठला आणि बेस कुठला ते सांगता येत नाही."

"मीच लिहिलं. खरं वाटावं म्हणून एक वाकडं लिहिलं."

"शाळेची काच मी फोडली तेव्हाही तू 'मीच' म्हणालास. बाबांचं घड्याळ गेलं तेव्हाही तूच. माझ्या साहेबाला फोन करून तू आपली आजी तीनदा मारलीस." भोंग्याचे हसू गेले. "दादा, तुझ्या खोट्यावर मी वीस वर्षं प्यायलोय. आज नको."

थोरल्याने खिशातून फोन काढला. पुरावा होता, एका बोटाच्या अंतरावर होता. पण फुटक्या कानाला एकट्याला बाहेर काढता येत नव्हते. सहाही नावे एकाच यादीत एकाखाली एक बसली होती, आणि एक दाखवायचा तर सगळे तोंड उघडावे लागणार होते. त्याने यादी उघडली आणि फोन टेबलावर, बाटलीशेजारी, भोंग्याकडे सरकवला.

भोंग्याने वाचले. बोट हळूहळू खाली सरकले.

"तिसरी रांग?"

"मी."

"मास्तर?"

"मी."

पुढच्या दोघांबद्दल त्याने विचारलेच नाही. मग बोट थांबले. "रात्रपाळी पण?"

"ती पण."

भोंग्याने फोन पालथा ठेवला. "ती बसमध्ये रडली होती," तो म्हणाला.

"हो."

"म्हणजे कुणीच..."

"अकरा जण होते. सहांनी अंगठा दाखवला."

बाहेर ड्रमर एकच ठोका पुन्हा पुन्हा तपासत होता. भोंग्याने पालथा फोन परत सरकवला. मग म्हणाला, "बरं. मग तू सांग. मास्तर नको, चप्पल नको. तुला 'नको' कसं वाटलं?"

"मी ते पूर्ण ऐकलेलंच नाही."

"काय?"

"सुरू झालं की मी घासायची मोटर चालू करतो." थोरला बाटलीकडे बघून बोलत होता. "तू सोडलीस तेव्हा तीन आठवडे मी तुझ्या खोलीच्या दाराबाहेर बसून होतो. तू आत हेच म्हणत होतास. कुणाला म्हणत होतास कोण जाणे, खोलीत कुणी नव्हतं. रेकॉर्डवर तू अगदी तसंच म्हटलंयस. मला ऐकवत नाही."

"आणि लिहिलंस कोरडं आहे म्हणून."

"वाक्य चांगलं जमलं होतं."

भोंग्याने दोन्ही हातांनी तोंड पुसले. "बाहेर जा."

थोरल्याचा हात सवयीने बाटलीकडे गेला.

"ती राहू दे."

"अरे पण..."

"वीस वर्षं तू त्या उचलून लपवत आलास. ही राहू दे. जा, पुढे उभा राहा. आणि आठव्याला बाहेर पळू नकोस."

हॉल खच्चून भरला होता. बायको पुढे कठड्याशी उभी होती. "बोललात?"

"बोललो."

"मग?"

"बाटली आतच आहे."

तिने त्याची बाही धरली ती सोडली नाही. सात गाणी झाली. इस्त्रीच्या शर्टाचा गृहस्थ सात वेळा भेटला, लोक सात वेळा ओरडले. थोरल्याला त्यातले अक्षरही कळले नाही. सातव्यानंतर भोंगा माईक ठेवून आत गेला. गिटारवाला एकच स्वर धरून उभा राहिला. एक मिनिट. दीड मिनिट. शेजारी उभा असलेला काळ्या टी-शर्टातला एक जण मित्राला म्हणाला, "गेला बघ लावायला."

भोंगा परत आला. माईक दोन्ही हातांत धरला आणि पहिला 'नको' म्हणाला.

तो थरथरला. दुसरा जास्त थरथरला.

"लावून आलाय!" टी-शर्टवाला ओरडला. "याला म्हणतात गाणं! केवढं खरं, बघ!"

"नाही," थोरला म्हणाला.

"काय नाही?"

"प्यायलेला नाहीये तो. प्याला की त्याचा आवाज लोण्यासारखा होतो. असा होतो तो न प्याल्यावर."

"काका," टी-शर्टवाल्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, "तुम्हाला काय कळतंय यातलं. ऐका गपचूप."

काका ऐकत राहिले. बेचाळीसही.

नंतर मेकअपच्या खोलीत भोंगा टॉवेल डोक्यावरून घेऊन बसला होता. थोरल्याने आत येताच आधी झाकणाकडे पाहिले, आणि पाहताना तो पकडला गेला.

"बघ, बघ. हातात घेऊन बघ."

"नको. दिसतंय."

"काय म्हणाले लोक?"

तोच सूर. थोरल्याच्या डोक्यात मास्तर उठून उभे राहिले, चप्पल उभी राहिली, तिसऱ्या रांगेने हात वर केला. त्याने त्यांना खाली बसवले.

"म्हणाले, लावून आलाय. म्हणून चांगलं झालं."

"सगळे?"

"माझ्या आजूबाजूचे तरी."

भोंगा टॉवेलातच हसला किंवा आणखी काही झाले. "शुक्रवारी परत इथंच आहे," तो म्हणाला. "तेव्हाही हेच म्हणतील. आणि न लावता जरा नीट गायलो, की म्हणतील कोरडा."

"म्हणतील."

"मग मी काय करू?"

"माहीत नाही रे," थोरला म्हणाला.

दोघे बसून राहिले. बाटली टेबलावर होती आणि ती कुणी उचलायची हे ठरत नव्हते. शेवटी बायको दारात आली, तिने एकदा दोघांकडे पाहिले, एकदा टेबलाकडे, मग बाटली मानेला धरून उचलली आणि बाहेर हॉलच्या व्यवस्थापकाच्या हातात दिली.

"अहो, ही खोलीत कुणाची तरी राहिली होती."

"असू दे, असू दे," व्यवस्थापक अदबीने म्हणाला. "राहिलेल्या वस्तू आम्ही आठ दिवस कपाटात ठेवतो. कुणी विचारायला आलं की देऊन टाकतो."

दार उघडेच होते. भोंग्याने ते ऐकले. तो ऐकताना थोरल्याने त्याला पाहिले, आणि यावेळी दोघांपैकी कुणीच नजर वळवली नाही.